दोघांच्या वजनाला लावलेला दिवा

आपली गाडी नापास झाली आहे, हे कानसेनांना आधी कळलंच नाही. त्यांना वाटलं, तपासनीस बाई शेजारच्या रांगेतल्या स्कूटरबद्दल बोलताहेत. म्हणून ते मागे वळून त्या स्कूटरवाल्याकडे दयेने बघायलाही लागले.

"काका, तुम्हालाच सांगतेय," बाई म्हणाल्या. "ब्रेक पास, धूर पास, टायर पास, हॉर्न पास. दिवा नापास."

"दिवा? कुठला दिवा?"

"एकच तर आहे पुढे. झोत फार खाली पडतोय. दहा मीटरवर पाच ते वीस सेंटीमीटर खाली चालतो. तुमचा एकतीस आहे."

कानसेन हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. चाळीस वर्षं मोटारसायकली दुरुस्त केल्यावर गिऱ्हाइकांनी दिलेलं. गाडी अजून गल्लीच्या तोंडाशी असायची आणि हे गॅरेजमध्ये खाली मान घालून दुसऱ्याच कार्बोरेटरशी झटत असताना सांगायचे, "चेन सैल आहे, आणि मालक क्लच धरून चालवतो." मालक येऊन तेच रडगाणं गायचा. अशा माणसाची स्वतःची गाडी, तेवीस वर्षं स्वतःच्या हातांनी राखलेली, चाकांवरच्या एका पेटीने नापास करावी म्हणजे काय! त्यांच्या डोक्यात तिडीक गेली.

ती पेटी म्हणजे दिवा तपासायचं यंत्र. समोर काच, आत आकड्यांची पट्टी, रुळावरून ढकलत गाडीसमोर आणायचं. कानसेनांचं या यंत्राबद्दलचं मत सगळ्या रस्त्याला ठाऊक होतं. गाडी पंधरा वर्षांची झाली की दर वर्षी तपासणी करून घ्यावी लागे, आणि दर वर्षी कानसेन घरून निघतानाच म्हणत, "ज्यांनी आयुष्यात एक नट आवळला नाही ते मला पास करणार!" मागच्या सीटवरून बायको म्हणे, "करू दे हो. कुणीतरी तुम्हाला पास म्हणायला हवं ना."

ती दर वर्षी यायची. काही कारण नसताना यायची, नीट आवरून, गाडीचे कागद प्लॅस्टिकच्या निळ्या फोल्डरमध्ये घालून, तो फोल्डर मांडीवर धरून. रांगेत खाली उतरायची नाही. पूर्वीचे तपासनीस साहेब म्हणायचे, "वहिनी, नियमाने चालवणाऱ्यानेच बसायचं असतं." ती म्हणायची, "मी उतरले की ही रुसते." साहेब हसून तिच्यासकट गाडी यंत्रासमोर घ्यायचे. सगळ्या तपासण्या अशाच झाल्या, दोघं गाडीवर बसलेली असताना.

साहेब यंदा निवृत्त झाले. आणि ती पाच महिन्यांपूर्वी गेली.

"मागे माणूस बसलं की बरोबर येतो," कानसेन म्हणाले. "तसा लावलाय तो."

"पण मागे कोणी नाहीये, काका."

बाईंनी हे वाईट हेतूने म्हटलं नव्हतं. हातात फळी, फळीवर कागद, कागदावर रकाना. जे दिसलं ते त्यांनी सांगितलं. पण कानसेनांना थोबाडीत बसल्यासारखं झालं. त्यांनी हँडल सोडून हात टाकीवर ठेवला.

बाईंना काहीतरी चुकल्याचं जाणवलं असावं. त्या आवाज उतरवून म्हणाल्या, "अहो, दिव्याखालचा एक स्क्रू तर आहे. दोन वेढे फिरवा, मी थांबते. लगेच पास करून टाकते."

"नाही."

"का?"

"तो फिरवायचा नाहीये."

बाईंनी कागदावर लाल शिक्का मारला. पंधरा दिवसांत गाडी पुन्हा दाखवायची. दुसऱ्यांदा नापास झाली तर एवढ्या जुन्या गाडीला तिसरी संधी नाही. नंबर रद्द, गाडी भंगारात. कानसेनांनी कागद घेतला आणि तक्रारीची वही मागितली. वहीत त्यांनी जाड अक्षरात लिहिलं: 'दिवा तपासण्याचे यंत्र भरवशाचे नाही. चाळीस वर्षांचा अनुभव असलेल्या माणसाची गाडी चुकीची ठरवते.' खाली सही ठोकली आणि किक मारून निघाले.

आता तो स्क्रू न फिरवण्याचं कारण सांगायला हवं, नाहीतर म्हातारा हट्टाला पेटला एवढंच दिसेल.

कानसेनांची काम करायची एक रीत होती. दिवा लावायचा, म्हणजे त्याचा झोत नीट बसवायचा, तर गाडी स्टँडवर उभी करून ते कधीच लावत नसत. मालकाला गाडीवर बसवायचे आणि त्याच्यामागे रोज जो कोणी बसतो त्यालाही आणायला लावायचे. कारण मागे वजन आलं की मागची स्प्रिंग दबते, नाक वर होतं, आणि दिवा रस्ता सोडून झाडावरची पाखरं दाखवायला लागतो. मग मागच्या शॉकअपची, म्हणजे त्या स्प्रिंगला कमी-जास्त दाबणारी, कडी वजनाप्रमाणे घट्ट करायची आणि दिवा जरा खाली घ्यायचा. एकट्याने आलेल्या गिऱ्हाइकाला ते सरळ परत पाठवत. "अर्धं कुटुंब घरी ठेवून आलात, पूर्ण दिवा कसा लावू?" लग्न ठरलेल्या पोरांना सांगत, "महिन्याभराने दोघं या, दिवा पुन्हा लावून देतो." पोरं लाजत, पण येत.

स्वतःची गाडी त्यांनी तेवीस वर्षांपूर्वी अशीच लावली होती. गॅरेज लांबट होतं. शटरपाशी जमिनीवर एक रेघ, तिथून बरोबर दहा मीटरवर मागची भिंत, आणि भिंतीवर सेंटीमीटरच्या खुणा. शेजारच्या भंगारवाल्याच्या काट्यावर त्यांनी बायकोचं वजन केलं होतं. "मला भंगाराच्या काट्यावर तोलता?" म्हणून ती दोन दिवस बोलली नव्हती. कडी चौथ्या खाचेत, दिवा दहा सेंटीमीटर खाली. भिंतीवर त्या खुणेशेजारी पेन्सिलीने लिहिलेलं अजून दिसत होतं: 'आम्ही. मी ७१, ही ६२.' तेव्हापासून त्या स्क्रूला आणि त्या कडीला त्यांनी हात लावला नव्हता. घरातले तिचे कपडे लेकीने नेले, चष्मा कपाटात गेला, बिछान्याची तिची बाजू रिकामी झाली. तिच्या वजनाची अशी एकच जागा आता जगात उरली होती. ती दोन वेढ्यांत पुसून टाका म्हणे!

रविवारी लेक आली. ती गावाच्या दुसऱ्या टोकाला राहायची आणि आई गेल्यापासून दर रविवारी यायची. आल्या आल्या तिने लाल शिक्क्याचा कागद वाचला.

"बाबा, मी येते ना तुमच्याबरोबर. मी बसते मागे."

"चालत नाही. नवीन बाई नियमाच्या पक्क्या आहेत. आणि यंत्रच खोटं आहे. दर वर्षी दहा दाखवायचं, यंदा एकदम एकतीस? माणूस उतरल्यावर एवढा फरक पडतच नाही. मी ते सिद्ध करून दाखवणार आहे."

"कसं?"

"तू फक्त हाताखाली उभी राहा."

तेल सांडलं की वर टाकायला गॅरेजमध्ये पिंपभर वाळू होती. कानसेनांनी ती एका पोत्यात भरली आणि पोतं भंगारवाल्याच्या काट्यावर नेलं. भंगारवाला म्हणाला, "उस्ताद, वाळू कशाला तोलताय? गाडीच आणा की." कानसेनांनी त्याच्याकडे असं बघितलं की तो मुकाट्याने काट्याची धूळ पुसायला लागला. बासष्ट किलो भरताच त्यांनी पोत्याचं तोंड बांधलं.

पोतं मागच्या सीटवर बांधताना लेकीला हसू आवरेना. "आईला कळलं असतं ना, की तिच्या जागी तुम्ही वाळूचं पोतं बसवलंय..."

"तिनेही निमूट बसायला हवं होतं कधीतरी," कानसेन म्हणाले, आणि दोघंही हसली. पाच महिन्यांत पहिल्यांदाच त्या गॅरेजमध्ये कोणी हसलं असेल.

शटर खाली ओढलं. अंधार झाला. आधी पोतं खाली उतरवून एकटे बसून पाहायचं ठरलं. कानसेन गाडीवर बसले, दिवा लावला. भिंतीवर झोताची वरची कड पडली. लेक भिंतीजवळ जाऊन खुणा वाचू लागली.

"एकोणतीस... तीस... एकतीस. बाबा, एकतीस."

मग पोतं चढवलं. मागची स्प्रिंग दबली, नाक वर झालं, आणि झोत हळूच वर सरकून पेन्सिलीच्या अक्षरांशी येऊन थांबला. 'आम्ही.' बरोबर दहा.

म्हणजे यंत्र बरोबर होतं. माणूस उतरल्यावर एवढा फरक पडत होता. कानसेनांना हार मानायची सवय नव्हती. त्यांनी निळा फोल्डर मागवला. "जुन्या पावत्या वाच. एखाद्या वर्षी तरी या यंत्राने काहीतरी भलतं दाखवलंच असेल. तेवढं धरून मी बोलतो."

बायकोने सगळ्या पावत्या तारखेप्रमाणे लावून ठेवल्या होत्या. लेक मोबाईलच्या उजेडात एकेक वाचत गेली. "दहा. दहा. अकरा. दहा. दहा. दहा. तेरा."

"बघ! तेरा! कडी तीच, स्क्रू तोच, माणसं तीच. तेरा कुठून आला?"

"आणि गेल्या वर्षी सोळा. पास आहे, पण खाली लिहिलंय, 'झोत उतरता आहे. लक्ष द्यावे.'"

कानसेन "बघ" म्हणायला तोंड उघडून तसेच राहिले.

त्यांना ती पावती आठवली. पावती नव्हे, तिचा आवाज आठवला. गेल्या वर्षी फाटकातून बाहेर पडताना तिने मागून ती वाचून दाखवली होती. "अहो, इथे लिहिलंय, झोत उतरता आहे, लक्ष द्यावे." आणि ते म्हणाले होते, "त्यांच्या यंत्राला चष्मा लागलाय." घरी येऊन त्यांनी बल्ब बदलला होता. नवा, जास्त उजेडाचा. बदलून झाल्यावर तिला बोलावून दाखवलाही होता.

"बाळ," कानसेन म्हणाले, "पोत्याचं तोंड सोड. डब्याने थोडी थोडी वाळू काढ. मी थांब म्हणेपर्यंत."

"कशाला?"

"काढ."

लेक डब्याने वाळू काढून पिंपात टाकू लागली. कानसेन भिंतीवरून नजर हलवत नव्हते. झोताची कड उतरू लागली. अकरा. बारा. "अजून," ते म्हणाले. तेरा झाले तेव्हा ते क्षणभर थांबले, मग पुन्हा म्हणाले, "अजून." डबा वाळूत शिरायचा, खरवडायचा, बाहेर यायचा. चौदा. पंधरा. लेकीचं हसू कधीच थांबलं होतं. तिला काय चाललंय ते कळलं नव्हतं, पण वडिलांचा आवाज तिला ओळखू येत नव्हता.

"थांब."

सोळा.

पोतं पुन्हा काट्यावर गेलं. काटा चव्वेचाळीसवर थांबला.

लेकीने तो आकडा वाचला. मग अगदी हळू म्हणाली, "हॉस्पिटलात दाखल केलं तेव्हा चाळीस होतं."

"ते या सोळाच्या पावतीनंतर तीन महिन्यांनी."

तेव्हा डॉक्टरांनी विचारलं होतं, इतकं वजन उतरलं, घरात कोणाच्या लक्षात नाही आलं? कानसेनांनी सांगितलं होतं, रोज डोळ्यांसमोर असलेल्या माणसाचं कळत नाही हो. डॉक्टरांनाही ते पटलं होतं. तिलाच मुळी बारीक झाल्याचं कौतुक वाटत होतं. गुडघे दुखायचे थांबतील म्हणायची. डॉक्टर मग म्हणाले होते, वर्षभर आधी आला असतात तर गोष्ट वेगळी होती. हे वाक्य कानसेनांनी मनाच्या एका कोपऱ्यात ठेवून त्यावर काहीबाही रचून ठेवलं होतं. आपल्याला कळायला काही मार्गच नव्हता, अशी समजूत त्यावर होती. आज तीच हातातून निसटली.

दोघं गॅरेजमध्ये परत आली. कानसेन गाडीशेजारच्या लाकडी खोक्यावर बसले.

"दोन वर्षं ती सांगत होती," ते म्हणाले. "हल्ली मागे फार आदळतं हो, खड्डा लागला की उडायला होतं. मी म्हणायचो, रस्ते खराब झालेत. रस्ते तेच होते गं. स्प्रिंग बासष्ट किलोला घट्ट केलेली, आणि वर बसलेली चव्वेचाळीस. आदळणारच. गिऱ्हाईक असतं तर मी पहिलं विचारलं असतं, मागचं माणूस बारीक झालंय का. माझा पहिला प्रश्न असतो तो! परक्यांना विचारतो मी!"

"बाबा, आमच्यापैकी कोणालाच कळलं नाही."

"तुम्हाला कुठे कोणी सांगत होतं? मला सांगत होतं. लेखी. तेरा म्हणून सांगितलं, तेव्हा वेळ होता. सोळा म्हणून सांगितलं. लक्ष द्यावे म्हणून सांगितलं. तिच्याच तोंडून वदवलं. आणि मी काय केलं? बल्ब बदलला."

एवढं बोलून ते रडले. डोळे पुसत वगैरे नाही; चाळीस वर्षं तेलात काळे झालेले दोन्ही हात मांडीवर उताणे टाकून मोठ्याने रडले. लेकीने त्यांना कधी असं पाहिलं नव्हतं, आईला नेलं तेव्हाही नाही. ती त्यांच्याजवळ खाली सांडलेल्या वाळूतच बसली. समजूत घालायला तिच्याकडे काही नव्हतं, आणि खोटं बोलायची तिची तयारी नव्हती. म्हणून तीही रडली.

पुढचे दहा-बारा दिवस गाडी शटरच्या आत तशीच उभी होती. कानसेन गिऱ्हाइकांची कामं करत, पण आवाज ऐकून आजार सांगणं त्यांनी बंद केलं. कोणी म्हटलंच, "ऐका की जरा, काय वाजतंय," तर म्हणत, "उघडून बघू. कानाचा भरवसा नाही." एकदा त्यांच्या मनात आलं, गाडी न्यावीच कशाला, जाऊ दे भंगारात, आपली तीच लायकी आहे. पण ती गाडी नुसती त्यांची नव्हती. त्यांच्या चुकीची शिक्षा तिच्या सीटने का भोगावी, हेही त्यांना पटेना.

चौदाव्या दिवशी सकाळी त्यांनी आकड्याचा पाना घेतला आणि मागच्या दोन्ही शॉकअपच्या कड्या फिरवायला बसले. तेवीस वर्षांत त्या जाम झाल्या होत्या. तेल सोडलं, थांबले, पुन्हा जोर लावला. कडी कुरकुरत चौथ्या खाचेतून तिसरीत आली, मग दुसरीत, मग पहिलीत. एका माणसाची खाच. मग ते गाडीवर एकटेच बसले, हात लांब करून दिव्याखालचा स्क्रू फिरवला, आणि झोत वर चढत चढत पेन्सिलीच्या अक्षरांपाशी आला. दहा. भिंतीवर 'आम्ही' वाचता येत होतं. त्यांनी ते खोडलं नाही, खाली नवीन काही लिहिलंही नाही.

तपासणी केंद्रात रांग लहान होती. बाईंनी यंत्र समोर ढकललं, वाकून पाहिलं, आणि त्यांचा चेहरा खुलला. "दहा! एकदम बरोबर. बघा, काका, एवढंच तर काम होतं."

"हो," कानसेन म्हणाले. "एवढंच होतं."

बाईंनी हिरवा शिक्का मारला. कानसेनांनी पावती घेतली, निळ्या फोल्डरमध्ये शेवटी लावली, आणि तक्रारीची वही मागितली. बाईंनी ती जराशा नाखुशीनेच पुढे केली. कानसेनांनी आपली तक्रार शोधून तिच्यावर आडवी रेघ मारली आणि खाली सावकाश लिहिलं: 'यंत्र बरोबर आहे. दोन वर्षे आधीपासून बरोबर सांगत होते. मी ऐकले नाही.' बाईंनी ते वाचलं, पण त्यांना ते समजलं नाही. त्या काही विचारणार, तेवढ्यात कानसेनांनी वही मिटून परत दिली.

केंद्राच्या फाटकाबाहेर एक उंच गतिरोधक होता. गेल्या दोन्ही वर्षी तिथे मागची बाजू धाडकन आदळली होती आणि दोन्ही वेळा मागून पाठीवर थाप आली होती, "अहो, हळू!" आज गाडी त्यावरून अलगद गेली, काही वाजलं नाही. मऊ केलेली स्प्रिंग खाली दबली आणि वर आली, बस.

कानसेनांनी गाडी बाजूला घेतली. मागच्या सीटवर हात टेकून ते वळले.

"आता नाही ना लागलं?" त्यांनी विचारलं.